‘माझी खेचू नकोस’ : पण माझी काय?

लग्न होऊन पुण्यात आलेली एक बंगाली मैत्रीण दोन वर्षांपासून नेटाने मराठी शिकते आहे. तिने परवा विचारलं, ‘‘नवरा म्हणतो, ‘मी तुझी खेचतोय’. माझी काय खेचतोय? पुढचा शब्द कुणीच का सांगत नाही? आणि मस्करी हा शब्द संस्कृत आहे का?’’ सासऱ्यांशी बोलताना यातलं काय चालेल, हेही तिला हवं होतं. तिला फोनवर जे सांगितलं, तेच जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘खेचणे’. इंग्रजीत पाय ओढतात आणि हिंदीत टांग खींचतात, तिथूनच हे मराठीत आलं, असं उत्तर बहुतेक जण देतात. त्यात तथ्य आहे. आपण दोर ओढतो, खुर्ची ओढतो, पण मित्राची कधी ‘ओढत’ नाही, नेहमी खेचतोच. म्हणजे हा प्रयोग तयार स्वरूपात बाहेरून आलेला दिसतो. मराठीत ‘पाय ओढणे’ आहेच, पण त्याचा अर्थ अगदी वेगळा. टोपलीतले खेकडे वर चढणाऱ्याला खाली ओढतात, ते पाय ओढणं. त्यात मैत्री नाही, असूया आहे. शिवाय पाय पुल्लिंगी. तो गाळला असता तर ‘माझा खेचू नकोस’ झालं असतं.

मग ‘माझी’ कुठून आलं? टांग स्त्रीलिंगी, म्हणून माझी, एवढं म्हणून थांबता येईल. मला ते अपुरं वाटतं. कारण बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी टांग नसतेच. आता हे शब्द एका ओळीत म्हणून बघा : थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, खिल्ली, टर, फिरकी, गंमत, भंकस. सगळे स्त्रीलिंगी! त्याची थट्टा केली, तिची टर उडवली, माझी फिरकी घेतली. ‘रेवडी उडवली’ म्हणताना आणलेली तिळाची रेवडीसुद्धा स्त्रीलिंगीच. मुलं खोडी काढतात, कळ काढतात, कुरापत काढतात, तिथेही तेच. त्यामुळे मराठी कानाला ‘त्याची…’ एवढं ऐकलं आणि समोरचा हसताना दिसला, की पुढचं नाम लागत नाही. ‘मी त्याची खेचली’ यात क्रियापदाचं रूप हजर नसलेल्या नामाप्रमाणे चालतं. टांग हिंदीतून आली असेल, पण तिला बसायला जागा आपल्याकडे आधीच तयार होती.

असं नाम गिळून टाकणं मराठीला नवं नाही. ‘त्याची चांगली जिरली’ म्हणतो तेव्हा काय जिरलं? रग, खोड, मस्ती, घमेंड, काहीही घ्या, सगळी स्त्रीलिंगीच. ‘एक ठेवून दिली’ म्हटलं की चपराक सांगावी लागत नाही. ‘मारली बघ याने’ म्हटलं की थाप समजते. बाहेरून आलेल्या माणसाला हीच जागा अवघड जाते. त्याला वाटतं शब्द ऐकायचा राहिला. तो राहिलेला नसतो, तो आपण उच्चारतच नाही.

पुल्लिंगी शब्दही आहेत, पण त्यांचं काम निराळं. पोपट, पचका, मामा, बकरा. ‘त्याची खेचली’ हे करणाऱ्याच्या बाजूने, ‘त्याचा पोपट झाला’ हे ज्याच्यावर बेतलं त्याच्या बाजूने. ऑफिसातलं रोजचं दृश्य घ्या. कुणीतरी सांगतं, ‘‘अरे, साहेब तुला आत बोलावतायत.’’ हा शर्ट सारखा करून, वही घेऊन केबिनशी जातो. केबिनला कुलूप. वळून बघतो तर चहाच्या टेबलापाशी चौघं तोंड दाबून हसतायत. चौघांनी त्याची खेचली, आणि त्याचा पोपट झाला. घटना एकच. ही विभागणी काटेकोर नाही. फजिती ‘होते’, तरी ती स्त्रीलिंगीच. (तिचं मूळ अरबी, फारसीतून आलेला ‘फजीहत’.)

‘फिरकी घेणे’ हा माझा लाडका प्रयोग. कानातल्याच्या मागे जो छोटा मळसूत्री तुकडा फिरवून बसवतात, त्याला आपण फिरकी म्हणतो. वाऱ्यावर गरगरणारं खेळणंही फिरकी. क्रिकेटमधला फिरकी गोलंदाज तर सगळ्यांच्या ओळखीचा. चेंडू सरळ येतोय म्हणून फलंदाज पाय पुढे टाकतो आणि चेंडू टप्पा पडून वळतो. फिरकी घेतल्यावर माणसाचं नेमकं तेच होतं. गंभीर चेहऱ्याने सांगितलेली गोष्ट तो खरी धरतो आणि शेवटच्या वाक्याला फसतो. म्हणून फिरकीला वेळ द्यावा लागतो. एका वाक्यात टपली मारता येते, फिरकी घेता येत नाही. एक सूचना मात्र या मैत्रिणीला आवर्जून दिली. खेचणेच्या आधीचं नाम गाळलं तर चालतं, पण ‘घेणे’च्या आधीची फिरकी गाळू नये. नुसतं ‘त्याची घेतली’ पुष्कळांच्या कानाला अश्लील लागतं.

आता मस्करी. संस्कृतात ‘मस्करिन्’ शब्द आहे, त्यामुळे फसायला होतं. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘मस्करमस्करिणौ वेणुपरिव्राजकयोः’. मस्कर म्हणजे वेळू आणि मस्करी म्हणजे भटका संन्यासी. महाभाष्यात पतंजली सांगतो की हा संन्यासी लोकांना ‘कर्मं करू नका, शांतीच बरी’ असा उपदेश करत फिरे. या बुवाचा आपल्या मस्करीशी काही संबंध नाही. आपली मस्करी अरबी ‘मस्खरा’वरून, फारसीच्या वाटेने आली. त्याचा अर्थ थट्टेचा विषय, विदूषक. हिंदीतला मसखरा तोच. मराठीत ‘ख’चा ‘क’ झाला आणि शब्द इतका मुरला की ‘मस्करीची कुस्करी’ अशी म्हण त्याच्यावर बेतली गेली. कुस्करणं म्हणजे पोळी किंवा फूल बोटांनी चुरगळणं. भांडण पेटलं असं न म्हणता काहीतरी नाजूक होतं ते चुरगळलं, असं ही म्हण म्हणते, म्हणून ती मला फार अचूक वाटते.

नागपूरकडे ‘मजाक करून राहिला का बे’ हे सर्रास ऐकू येतं. मजाक अरबी, मजा फारसी, शब्द वेगवेगळे, पण मुळात दोघांचाही अर्थ ‘चव’! खाण्याची चव बोलण्यात उतरली.

मैत्रिणीला खरा धक्का मात्र ‘चेष्टा’ने दिला होता. पहिल्याच महिन्यात सासरे म्हणाले होते, ‘‘अगं, चेष्टा केली मी.’’ बंगालीत आणि हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. कशाचा प्रयत्न केला, म्हणून ती बिचारी विचारत राहिली. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, कृती. गीतेतलं ‘युक्तचेष्टस्य कर्मसु’ आठवा. हालचालीवरून हावभाव, हावभावावरून दुसऱ्याची नक्कल, नकलेवरून थट्टा, असा मराठीतला प्रवास मला पटतो. बंगालीने हालचालीतला खटाटोप उचलला. उलट तिच्या बंगालीतला ‘ठाट्टा’ आणि आपली थट्टा एकच. हिंदीत ठट्ठा, गुजरातीत ठठ्ठा. तो शब्द तिला माहेरचाच.

राहिला सासऱ्यांचा प्रश्न. खेचणे बरोबरीच्यांत. ‘बाबा, तुम्ही माझी खेचताय’ हे हल्ली पुष्कळ घरांत चालतं, पण ‘मी बाबांची खेचली’ हे निदान त्यांच्यासमोर नको. थट्टा, चेष्टा, गंमत कुणाशीही चालतात. ‘बाबा, थट्टा करताय ना माझी?’ हे वाक्य कुठल्याही घरात शोभेल. टिंगल आणि टवाळीत बोच आहे. ‘टवाळा आवडे विनोद’ म्हणणाऱ्या रामदासांच्या काळापासून टवाळ शब्दाला मान नाही. त्यामुळे ‘तुम्ही माझी टवाळी करता’ म्हटलं तर ती तक्रार ठरेल. कोपरखळी सुरक्षित. शेजारी बसलेल्याच्या बरगडीत हळूच कोपर लावावं, तेवढीच ती लागते. टोमणा मात्र जखम ठेवतो, तो वेगळ्या घरातला.

काल तिचा निरोप आला. सासऱ्यांनी पुन्हा काहीतरी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘बाबा, फिरकी घेताय!’’ पूर्ण नामासकट.