हाताची सूज आणि कापूसवेचणी

प्रश्न : स्तनाच्या कॅन्सरसाठी आईचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आता कापूस वेचून आली की त्या बाजूचा हात सुजतो. काय करावं? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : गाठी काढल्यावर हातातला लसीकाद्रव (पेशींभोवतीचं पाण्यासारखं द्रव) नीट वर जात नाही, तो साचतो. कोपराच्या वर-खाली 10 सेंमीवर दोन्ही हात टेपने मोजा. 2 सेंमीहून जास्त फरक असेल तर लगेच सर्जनना दाखवा. मापाची दाबबाही (सूज दाबून धरणारी घट्ट बाही) तेच सांगतील. तेल लावून जोरात रगडू नका. वेचणी बंद नको, पण झोळी दुसऱ्या खांद्यावर, हातात मोजे. बोंडाचं टोक बोचलं तर साबणाने धुवा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळची वाट बघू नका.