वाघ जवळून टिपायचा, तो किती जवळून?

प्रश्न : येत्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब ताडोब्याला जाणार आहोत. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिमी लेन्स आहे. एका परिचितांच्या मते चालकाला थोडी बक्षिसी दिली की तो जिप्सी वाघाच्या अगदी जवळ नेतो, त्यामुळे मोठ्या लेन्सचा खर्च वाचतो. हा सल्ला मानावा का? आणि असे छायाचित्र आपल्या गोव्यातील म्हादई अभयारण्यात मिळू शकेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मानू नये. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. बक्षिसीच्या मोहात पडलेल्या चालकाचे कामच अशा प्रकारात जाऊ शकते, याचा विचार आपले परिचित करत नसावेत.

नियम क्षणभर बाजूला ठेवला, तरी हा सल्ला छायाचित्रणाच्या दृष्टीनेही कच्चा आहे. आपल्या कॅमेऱ्यावर ३०० मिमीला २० मीटरवरचे सुमारे दीड मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत मावते. पूर्ण वाढलेल्या नराचे शेपूट वगळता अंगच त्याहून लांब असते, म्हणजे आडवा उभा वाघ त्यात मावणारही नाही. शिवाय उघड्या जिप्सीत आपला कॅमेरा वाघाच्या डोळ्यांपेक्षा बराच उंच असतो. अंतर चार-पाच मीटरवर आले की आपण त्याच्या पाठीकडे वरून पाहू लागतो आणि चित्रात वाघ खुजा, रस्त्याला चिकटल्यासारखा दिसतो. तोच वीस-तीस मीटरवर असला की पाहण्याचा कोन सपाट होतो, पार्श्वभूमीत मातीऐवजी बांबू आणि साग येतात आणि त्याची नजर आपल्या नजरेच्या पातळीजवळ येते. चांगल्या छायाचित्रातला वाघाचा दरारा बव्हंशी याच कोनातून येतो, असे माझे मत आहे.

वाघ रस्त्याने समोरून चालत येत असेल, तर हेड-ऑन, म्हणजे थेट समोरून घेतलेल्या, चित्रासाठी त्याच्यापुढे जिप्सी मागे-मागे नेत राहण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याऐवजी इतर वाहनांना अडथळा होणार नाही अशा जागी बाजूला थांबून इंजिन बंद करण्यास सांगावे, म्हणजे थरथरही थांबते. तांदूळ किंवा डाळ भरलेली कापडी पिशवी लेन्सखाली घ्यावी. जिप्सीत तिपाईचा उपयोग नाही. वाघ चालत असेल तर शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवावा आणि पहाटे त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यावा लागला तरी संकोचू नये, कारण चित्रातले कण नंतर कमी करता येतात, हललेले चित्र सावरता येत नाही. फोकस डोळ्यावर असावा. कडक उन्हात भुवयांवरचे व गालांवरचे पांढरे पट्टे जळून जातात (तपशील न उरता नुसते पांढरे दिसतात), म्हणून एक्स्पोजर किंचित कमी ठेवावे. फ्लॅश बंद असावा, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कान मागे पडले, शेपटी फटकारू लागली किंवा गुरगुर ऐकू आली, तर कॅमेरा खाली घेऊन मार्गदर्शक सांगेल तसे करावे.

म्हादईविषयी. तिथे वाघ आहे. कर्नाटकातील भीमगड आणि काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलांशी हा पट्टा जोडलेला असल्याने त्याची ये-जा असते. परंतु ताडोब्यासारखी व्याघ्र सफारी तिथे नाही, रान दाट आहे आणि वाघाची नोंद मुख्यतः वन खात्याच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये (जंगलात लावलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यात) होते. जानेवारी २०२० मध्ये गोळावली परिसरात चार वाघ विषबाधेने मेले, हे सत्तरीतील लोक विसरलेले नाहीत. म्हणून आपल्याकडे वाघाचा माग आढळल्यास त्यामागे जाऊ नये, वन खात्याला कळवावे, आणि छायाचित्र मिळालेच तर जागेचे नाव किंवा जीपीएस नोंद त्यासोबत कुठेही टाकू नये.