सुरमई : नाव रंगाचे, मासा तेलकट

पाककृतींत ‘पांढरा मासा’ आणि ‘तेलकट मासा’ असे दोन वर्ग सांगितलेले असतात. त्यांपैकी सुरमई कोणत्या वर्गात धरावी आणि तिच्या नावाचा अर्थ काय, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘पांढरा मासा’ हा शब्दप्रयोग हल्ली ज्या बेफिकिरीने केला जातो, त्याची मला चीड येते. बोलणारा माशाची कातडी पाहून बोलतो. येथे अभिप्रेत असतो तो मांसाचा रंग. ज्याची चरबी मुख्यतः यकृतात साठते तो पांढरा, आणि कॉडचे तेल त्याच्या यकृतातून काढतात ते म्हणूनच. ज्याची चरबी मांसात भिनलेली असते तो तेलकट. चांदीसारखी चकाकणारी तारली पक्की तेलकट आहे, इतकी की पश्चिम किनाऱ्यावर तिचे तेल होड्यांच्या लाकडाला चोपडत असत. घोळ, मुडदुशी, लेप, रावस हे पांढऱ्या मांसाचे. इंग्रजीतल्या ‘इंडियन सामन’ या नावावर विसंबून ‘सामन म्हणजे आपला रावस’ असे आहारविषयक लेखांत बिनदिक्कत छापले जाते, तेही चूक आहे. रावसाचे कुळ वेगळे, आणि सामनसारखे तेलही त्याच्यात नाही.

आता सुरमई. फारसीत माशाला ‘माही’ म्हणतात, एवढ्या आधारावर या नावाची ‘सुर-माही’ अशी फोड करणारे जाणकार भेटतात. मला ती मुळीच मान्य नाही. मधला ‘ह’ कोठे गेला आणि उरलेल्या ‘सुर’चा अर्थ काय, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्यापैकी कोणी देत नाही. सरळ व्युत्पत्ती समोर आहे : सुरमा म्हणजे डोळ्यांत घालायचे अंजन आणि सुरमई म्हणजे त्या अंजनाच्या रंगाची. बदामी, गुलाबी, आसमानी या शब्दांतला रंगवाचक ‘ई’ तोच. शेवटी ‘आ’ ऐकू येणाऱ्या शब्दांना तो लागला की ‘नुकरा’चे ‘नुकरई’ (रुपेरी) होते, तसेच ‘सुरम्या’चे ‘सुरमई’. आजच्या फारसीतही ‘सोर्मेई’ म्हणजे गडद निळा. सुरमा हा शब्दसुद्धा मुळात तुर्की असून ज्या क्रियापदापासून तो आला, त्याचा एक अर्थ ‘माखणे, चोपडणे’ असा आहे. डोळ्यांना माखायच्या वस्तूचे नाव रंगाला मिळाले आणि रंगाचे नाव माशाला, हा प्रवास मला अतिशय मोहक वाटतो. ताजी सुरमई उजेडात धरून पाहावी : पाठ निळसर करडी, खाली पोटाकडे रुपेरी, आणि कुशीवर गडद पट्टे. हा रंग पाहिल्यावर ‘माही’ शोधण्याची गरजच राहत नाही.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात याच माशाला इसवण किंवा विसवण म्हणतात. माझे मत असे की, किनाऱ्यावरचे जुने नाव ते, आणि फारसी वळणाचे ‘सुरमई’ हे मोठ्या बाजारपेठांतून रूढ झालेले. म्हणून ‘इसवण’ला बोलीतला अपभ्रंश ठरवणे सर्वथा गैर आहे; त्या शब्दाला कोशांत स्वतंत्र नोंद हवी.

वर्गाचे म्हणाल, तर सुरमई बांगड्याच्या कुळातली आहे. तिला तेलकटांतच धरावे.