'आय अराइव्ह्ड टू भुसावळ' हे वाक्य चूक का?

'अराइव्ह'नंतर 'टू' येत नाही, म्हणून. 'भुसावळला पोहोचलो' यातला 'ला' पाहून आपण 'टू' लावतो आणि घोळ तिथेच होतो. शहर असेल तर 'अराइव्ह्ड इन जळगाव', स्टेशन असेल तर 'अराइव्ह्ड अ‍ॅट भुसावळ जंक्शन'. 'गो' आणि 'कम' यांना मात्र 'टू' हवा. वेळेचंही तसंच, मराठी प्रत्ययावरून इंग्रजी शब्द कळत नाही. इंग्रजीत पाच वाजता 'अ‍ॅट', सोमवारी 'ऑन', जूनमध्ये 'इन'. त्यामुळे मराठी प्रत्ययावरून अंदाज बांधू नका, क्रियापद पाठ करतानाच त्याची जोडी पाठ करा: 'डिपेंड ऑन', 'मॅरिड टू' (इथे 'विथ' सर्रास ऐकू येतं, ते चूक). आणि हो, धुळ्याच्या एसटीत बसलात तर 'ऑन द बस', कारमध्ये असाल तर 'इन द कार'.