साइटचे रंग निवडताना
अरे कपडे विकायच्या साइटच्या बॅकग्राउंडला एवढा भडक रंग नको देऊस, कपडे उठून दिसायला हवेत, साइट नाही. पांढरा नाहीतर अगदी फिकट राखाडी ठेव, कारण शेजारचा रंग बदलला की कापडाचाही वेगळा वाटतो, लाल बॅकग्राउंडवर करडा टॉप चक्क हिरवट दिसतो आणि मग पार्सल उघडल्यावर गिऱ्हाईक म्हणणार फोटोत वेगळा होता, झालं रिटर्न. एक ठळक रंग फक्त 'कार्टमध्ये टाका' बटणासाठी राखून ठेव, सेलच्या पट्टीलाही तो नको. काळं-सोनेरी महागडं वाटतं खरं, पण स्वस्त टीशर्ट विकायचे असतील तर लोक उगाच बिचकतात. आणि ती फिकट अक्षरं (डिझायनर लोकांना का आवडतात देव जाणे) गडद कर, कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि बॅकग्राउंड यांच्या उजळपणातला फरक) निदान ४.५:१ हवा, तपासायची टूल्स फुकट मिळतात. फोटो एसआरजीबीमध्येच (स्क्रीनवरच्या रंगांचं नेहमीचं, वेबवर सगळीकडे चालणारं प्रमाण) सेव्ह कर.