वाचकांचे प्रश्न : टक्के कशाचे?

प्रश्न : ऑगस्टमध्ये एकाच दिवशी एका पेपरात जायकवाडीत ५० टक्के पाणी असल्याचं आलं, दुसऱ्यात ६३ टक्के. पहिल्याचा मथळा होता, ‘नाथसागर निम्मा भरला, मराठवाड्याची चिंता मिटली’. आत लिहिलं होतं, ‘२३ हजार क्युसेकने आवक, चार दिवसांत धरण भरणार’. खरं कोणाचं मानायचं?
— एक वाचक, गेवराई

उत्तर : आकडे दोन्ही बरोबर असू शकतात. जायकवाडीची (नाथसागर हा याच धरणाचा जलाशय) एकूण क्षमता १०२.७३ टीएमसी; एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातला सुमारे २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी कालव्यात सोडता न येणारं पाणी; उरलेला ७६.६५ टीएमसी उपयुक्त साठा. उपयुक्त साठा निम्मा झाला म्हणजे ३८.३ टीएमसी. त्यात मृतसाठा मिळवला की ६४.४, आणि ते एकूण क्षमतेच्या ६३ टक्के भरतात. एकाने उपयुक्त साठ्याचे टक्के छापले, दुसऱ्याने एकूण साठ्याचे, आणि कशाचे ते दोघांनीही सांगितलं नाही. टक्क्यांत चूक एकही नाही, तरी वाचकाची दिशाभूल होतेच.

ही गोष्ट किरकोळ नाही. गोदावरी खोऱ्यातल्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. ६३ वाचणाऱ्याला वाटेल, दोनच टक्के कमी आहेत. प्रत्यक्षात तूट १५ टक्क्यांची, म्हणजे साडेअकरा टीएमसीची असते. या वादावरची बातमी असेल तर तिच्यात वरच्या भागातल्या शेतकऱ्याचं म्हणणंही आलं पाहिजे. तिथे ते नसेल तर बातमी एकांगी आहे, आणि ती आपल्या बाजूची असली तरी एकांगीच.

आता आवक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह सलग २४ तास टिकला की एक टीएमसी पाणी होतं. म्हणजे २३ हजारांनी दिवसाला जेमतेम दोन टीएमसी. रिकामी जागा ३८ टीएमसीची, तेव्हा एकोणीस-वीस दिवस लागणार, तेही आवक तेवढीच राहिली तर. वरचा पाऊस उघडला की ती झपाट्याने उतरते. ‘चार दिवस’ बातमीतल्याच आकड्यांवरून निघत नाहीत. हा भागाकार पेन्सिलीने समासात करून पाहावा. आकडा किती वाजताचा आहे, तेही पाहावं.

‘मराठवाड्याची चिंता’ हा शब्दप्रयोग तर फारच सैल. डावा कालवा संभाजीनगर, जालना, परभणीकडे जातो. उजवा शेवगाव-गेवराईवरून माजलगाव धरणाकडे. लातूर शहर धनेगावच्या मांजरा धरणावर अवलंबून आहे, आणि जायकवाडी भरलं म्हणून मांजरा भरत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे इतक्या लवकर विसरून कसं चालेल?

फोटोही तपासा. निम्म्या भरलेल्या धरणाच्या बातमीत उघड्या दरवाजांतून पाणी कोसळताना दिसत असेल, तर तो बहुधा जुना आहे. ‘सूत्रांनी सांगितले’ असं असेल तर एवढंच बघा : हा आकडा जलसंपदा विभागाच्या रोजच्या पाणीसाठा तक्त्यात मिळतो का? मिळत असेल तर सूत्रांची गरज नव्हती. त्याच तक्त्यात गेल्या वर्षीचा याच तारखेचा साठाही असतो, आणि रब्बीचं नियोजन करताना तुम्हाला तोच जास्त उपयोगी पडेल.