कोरियन विद्यार्थ्यांना इंग्रजीतले फ्रेझल व्हर्ब आणि इडियम कसे समजावून सांगावेत?

तुम्ही लिहिलंय की दोन कोरियन विद्यार्थ्यांची ऑनलाइन इंग्रजीची शिकवणी घेतली आहे, त्यांना फ्रेझल व्हर्ब (‘पुट ऑफ’सारखी दोन-तीन शब्दांची क्रियापदं) आणि इडियम (वाक्प्रचार) यांच्या याद्या अर्थासकट पाठवता, ते त्या इमानेइतबारे पाठही करतात, पण बोलताना त्यातलं काहीच तोंडात येत नाही. मी बरीच वर्षं कोरियन लोकांना इंग्रजी शिकवते आहे, काही पुण्यात राहणाऱ्या कुटुंबांना आणि बाकीच्यांना ऑनलाइन. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

याद्या आधी बंद करा. कोरियन मुलं शाळेपासून याद्याच पाठ करत आलेली असतात. तिथे १९९७ पासून तिसरीत इंग्रजी सुरू होतं, संध्याकाळी हाग्वोन म्हणजे खासगी क्लास असतो, आणि प्रत्येकाच्या दप्तरात ‘सुगो’चं म्हणजे वाक्प्रचारांचं एक पुस्तक असतंच. नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या सुनुंग या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजीच्या पेपरला ४५ प्रश्न आणि ७० मिनिटं असतात. त्यातले १७ प्रश्न ऐकून सोडवायचे असतात, आणि तेवढा वेळ देशभर विमानांची ये-जा थांबवतात. नंतर नोकरीसाठी टोइक ही इंग्रजीची ९९० गुणांची परीक्षा. तिच्या नेहमीच्या पेपरमध्ये ऐकणं आणि वाचणं असतं, बोलणं नाही. म्हणजे तुमचा विद्यार्थी ‘पुट ऑफ’ बघितल्याबरोबर योग्य पर्यायावर खूण करेल, पण स्वतः बोलताना दर वेळी ‘पोस्टपोन’च म्हणेल. त्याला अर्थ येतो. तो शब्द आपला वाटत नाही, एवढीच अडचण आहे.

का वाटत नाही, हे आपल्याला चटकन कळायला हवं, कारण मराठीचीही तीच घडण आहे. आपण नोटिशीत ‘बैठक स्थगित करण्यात आली आहे’ लिहितो आणि फोनवर ‘मीटिंग पुढे ढकलली’ म्हणतो. कोरियनमध्येही चिनी मुळाचे शब्द आणि अस्सल देशी शब्द असे दोन थर आहेत. ‘योन्गी-हादा’ हा कागदावरचा, ‘मिरुदा’ हा घरातला. इंग्रजीत ‘पोस्टपोन’ लॅटिनकडून आलेला आणि ‘पुट ऑफ’ घरचा. हे एकदा असं मांडलं की कोरियन माणसाला फ्रेझल व्हर्ब म्हणजे इंग्रजांनी मुद्दाम घातलेला घोळ वाटेनासा होतो. ‘टॉलरेट’ आणि ‘पुट अप विथ’ घ्या. दुसऱ्यासाठी त्यांच्याकडे ‘छाम्दा’ आहे, आपल्याकडे ‘खपवून घेणे’ आहे. कोणता शब्द कोणत्या प्रसंगी, हे त्यांना स्वतःच्या भाषेत नेमकं माहीत असतं. तेच ज्ञान इंग्रजीकडे वळवायचं.

आता खरी गंमत, जी मराठी माणसाच्या हातात आहे आणि अमेरिकन शिक्षकाच्या नाही. कोरियन भाषा आपल्यासारखीच संयुक्त क्रियापदांवर चालते. आपण ‘खाऊन टाकलं’ म्हणतो, ते म्हणतात ‘मोगो बोर्योस्सो’. ‘मोगो’ म्हणजे खाऊन, आणि ‘बोरिदा’ या क्रियापदाचा मूळ अर्थ टाकणे, फेकणे. ‘बोदा’ म्हणजे बघणे, म्हणून ‘मोगो बोदा’ म्हणजे खाऊन बघणे. ‘जुदा’ म्हणजे देणे, ‘हे जुदा’ म्हणजे करून देणे. ‘नोथा’ म्हणजे ठेवणे, ‘हे नोथा’ म्हणजे करून ठेवणे. मुख्य क्रियापदाच्या मागे एक छोटं क्रियापद येतं आणि काम संपलं, करून पाहिलं, की कुणासाठी केलं, ते सांगून जातं. इंग्रजीत हेच काम पुष्कळदा अप, आउट, ऑन, ऑफ यांच्याकडून करून घेतात.

माझा एक विद्यार्थी देजॉनचा इंजिनिअर. त्याच्या फ्रीजमधली किमची मुलांनी संपवली होती आणि तो मला सांगत होता, ‘दे एट ऑल किमची.’ वाक्य समजत होतं, पण त्यात जीव नव्हता. मी विचारलं, हे बायकोला फोनवर कसं सांगाल? तो लगेच म्हणाला, ‘दा मोगो बोर्योस्सो!’ आणि ‘बोर्योस्सो’वर असा जोर दिला की डबा रिकामा झालेला मला दिसला. मग मी म्हटलं, ते ‘बोर्योस्सो’ इंग्रजीत ‘अप’ आहे. ‘दे एट इट ऑल अप.’ तो थांबला, पुटपुटत दोन-तीनदा म्हणून पाहिलं, आणि आपणहून विचारलं, ‘मग पैसे संपवून टाकले, यूज्ड अप?’ अगदी बरोबर. त्या तासाला त्याने ‘ड्रिंक अप’ आणि ‘फिनिश अप’ स्वतः शोधून काढले. मी यादी दिली असती तर हे चारही शब्द त्याने दुसऱ्या दिवशी विसरून टाकले असते.

अशा जोड्या अजून आहेत. ‘ट्राय ऑन’ म्हणजे ‘इबो बोदा’, अंगात घालून बघणे. ‘ट्राय आउट’ म्हणजे ‘स्सो बोदा’, वापरून बघणे. ‘लीव्ह द लाइट ऑन’ म्हणजे दिवा ‘ख्यो नोथा’, लावून ठेवणे. ऑफिसात सगळ्यात कामाला येणारी जोडी ‘आय विल लुक इंटू इट’ची आहे. त्यासाठी ते ‘आराबोल्केयो’ म्हणतात, शब्दशः जाणून-बघतो, आणि आपण ‘चौकशी करून बघतो’ म्हणतो. इंग्रजीचा वर्ग चालू असताना दोन्ही बाजूंना आपापली भाषा अशी एकमेकींच्या शेजारी येऊन बसलेली दिसते, ते मला फार आवडतं.

मात्र ही चावी प्रत्येक कुलपाला लागत नाही, हेही त्याच तासाला सांगा. ‘अप’ म्हणजे संपवून टाकणे हे ‘ईट अप’, ‘यूज अप’ला लागू. ‘स्पीक अप’मध्ये आवाज वाढतो, ‘शो अप’मध्ये माणूस उगवतो, आणि ‘ब्रेक अप’मध्ये नातं तुटतं. कोरियन विद्यार्थी नियम शोधण्यात पटाईत असतात आणि मिळालेला नियम सगळीकडे लावतात, म्हणून हद्द आपण आखून द्यायची.

दुसरी अडचण ‘इट’ची. कोरियनमध्ये, मराठीसारखंच, समोर दिसणाऱ्या वस्तूचं नाव घ्यावं लागत नाही. ‘क्को जुसेयो’ म्हटलं की झालं, बंद करा प्लीज. काय बंद करा ते दिसतंच आहे. त्यामुळे ते एक तर ‘प्लीज टर्न ऑफ’ म्हणून थांबतात, किंवा ‘टर्न ऑफ इट’ म्हणतात. ‘टर्न ऑफ द टीव्ही’ चालतं, ‘टर्न द टीव्ही ऑफ’ही चालतं, पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसलं पाहिजे. याला व्याकरणाचं लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका. ‘टर्न इट ऑफ, पुट इट ऑन, पिक इट अप, थ्रो इट अवे’ असं तोंडाला वळण लागेपर्यंत म्हणून घ्या. शक्यतो एका श्वासात, ‘टर्नीटॉफ’, आणि जोर शेवटच्या तुकड्यावर. शब्द जोडून म्हणणं त्यांना नवीन नाही. कोरियनमध्ये ‘ओत’ म्हणजे कपडे, पण पुढे ‘इ’ प्रत्यय आला की उच्चार ‘ओशी’ होतो. याला ते ‘योनुम’ म्हणतात. ‘योनुम इंग्लिशमध्येही आहे’ एवढंच सांगा, चेहरा खुलतो.

एक शंका तुम्हाला हमखास विचारली जाईल: फ्रेझल व्हर्ब म्हणजे ‘बान्माल’ का? बान्माल म्हणजे अरे-तुरेची भाषा. साहेबाशी ‘पुट ऑफ’ म्हटलं तर उद्धटपणा होईल, अशी धास्ती असते. ती मनापासूनची असते, हसण्यावारी नेऊ नका. इंग्रजीत आदर कोरियनसारखा क्रियापदाच्या शेपटीत नसतो, ‘कुड वी’, ‘वुड यू माइंड’ अशा सुरुवातीत असतो. ‘कुड वी पुट इट ऑफ टिल मंडे?’ हे कुठल्याही वरिष्ठाला म्हणता येतं, हे ऐकून बऱ्याच जणांचं तोंड पहिल्यांदा मोकळं होतं.

इडियमबद्दल माझं मत ठाम आहे. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ शिकवू नका. आजकाल कोणी म्हणत नाही, आणि विद्यार्थी मात्र तेच आयुष्यभर लक्षात ठेवतो. त्याऐवजी ‘कीप मी पोस्टेड’, ‘ऑन द सेम पेज’, ‘कॉल इट अ डे’, ‘अप इन द एअर’, ‘कट कॉर्नर्स’ हे द्या. सोमवारच्या मीटिंगला कानावर पडणारे आहेत.

आणि आधी त्यांची म्हण मागा, मग इंग्रजी द्या. आपल्याकडे बैल गेला अन् झोपा केला, त्यांच्याकडे गाय हरवल्यावर गोठा दुरुस्त करतात. आपण गाढवापुढे गीता वाचतो, ते गाईच्या कानात पोथी वाचतात. ‘पीस ऑफ केक’साठी, म्हणजे अगदी सोप्या कामासाठी, त्यांच्याकडे गार झालेली पेज खाणं आहे. हलक्या कानाच्या माणसाचे कान तिथे पातळ असतात. लग्नाळू मुलाला आपण लाडू कधी देणार विचारतो, ते नूडल्स कधी खायला घालणार विचारतात. अशा गप्पांत तासातली दहा-पंधरा मिनिटं गेली तर जाऊ द्या. लाजाळू विद्यार्थी बोलता होतो तो इथेच.

पण याच वाटेवर खड्डाही आहे. ‘माय फीट आर वाइड’ असं कोणी म्हटलं तर त्याच्या पुष्कळ ओळखी आहेत असं समजा. ‘शी हॅज हाय आइज’ म्हणजे तिच्या अपेक्षा मोठ्या आहेत. ‘आय एट सीवीड सूप’ म्हणजे परीक्षेत नापास झालो, समुद्री शेवाळ गुळगुळीत असतं, म्हणून घसरलो. हे शब्दशः इंग्रजीत जात नाही, हे प्रेमाने सांगावं लागतं. ‘पुलिंग माय लेग’च्या बाबतीत तर आपणही त्यांच्याबरोबरच अडखळतो. कोरियनमध्ये घोटा धरणे म्हणजे अडवून ठेवणे, मराठीत पाय ओढणे म्हणजे पुढे जाऊ न देणे. इंग्रजीत मात्र ती नुसती थट्टा असते.

त्यांच्या रोजच्या बोलण्यातले काही इंग्रजी शब्द मूळ इंग्रजीत चालत नाहीत. हॉटेलात फुकट मिळालेली डिश ‘सर्व्हिस’, परीक्षेतली कॉपी ‘कनिंग’, नुसतं बघत हिंडणं ‘आय शॉपिंग’. चूक म्हणून खोडू नका, कोरियात ते बरोबरच आहेत. शेजारी दुसरा शब्द ठेवा. ‘फाइटिंग!’ हा त्यांचा लाडका धीराचा शब्द आहे, तिथे ‘हँग इन देअर’ किंवा ‘गो फॉर इट’ द्या.

आपली भारतीय इंग्रजी त्यांच्या वहीत उतरणार नाही याचीही काळजी घ्या. ‘ही पास्ड आउट इन २०१५’ ऐकून बाहेरचा माणूस समजेल की तो बेशुद्ध पडला. ‘प्रीपोन’ आपल्याकडे रुळलेला आहे, पण बाहेर ‘मूव्ह अप’ किंवा ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात. आणि ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ काढून टाका.

पुढच्या तासाला कपड्यांचं दुकान घ्या. ‘पिक आउट, ट्राय ऑन, टेक ऑफ, पुट बॅक, सोल्ड आउट’ हे सगळे एकाच प्रसंगात येतात. एक विद्यार्थी दुकानदार, दुसरा गिऱ्हाईक, मग अदलाबदल. त्या आठवड्यात दुसरा एकही फ्रेझल व्हर्ब देऊ नका. घरचा अभ्यास म्हणून मोबाइलवर एक मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवायला सांगा, लिहून नको. लिहायला दिलंत की पुन्हा ‘पोस्टपोन’ येईल.